रिकाम्या हाताची मोजणी

सोनाळ्याच्या लोकांनी आमचं नाव ठेवलं होतं खड्डेवाले. गावाबाहेर, सातपुड्याच्या पायथ्याशी, काळ्या खडकात आम्ही एक खोली खोदून घेतली होती. तिला खिडकी नव्हती, एकामागे एक अशी दोन दारं होती आणि मोजणी चालू असताना आत पाऊल टाकायची मनाई होती. एवढ्यावरून गावानं ठरवलं, की ही माणसं गुप्तधन काढायला आली आहेत. शेजारच्या संत्र्याच्या बागेचे मालक तायडेभाऊ त्यातल्या त्यात व्यवहारी. पहिल्याच आठवड्यात ते आले आणि पाणी किती फुटांवर लागलं ते विचारलं. आम्ही पाणी शोधत नाही म्हटल्यावर त्यांचा आमच्यातला रस संपला.

आम्ही काय शोधत होतो ते सांगायला त्यांच्या ओसरीवर मला तीनदा चहा प्यावा लागला. इथंही सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गुरुत्वाकर्षण म्हणजे वस्तूंनी एकमेकींना ओढणं. पृथ्वी आपल्याला ओढते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ताटातली भाकर आणि तिच्या शेजारचा कांदा हेही एकमेकांना ओढत असतात, ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती ओढ फारच क्षीण असते. आता दुसरी गोष्ट. अणूंच्या दुनियेचे कायदे आपल्यासारखे नाहीत. तिथं एखादा कण एकाच वेळी इथंही असतो आणि तिथंही. कुणी तपासलं की मगच तो एका जागी सापडतो. हे क्वांटमचे कायदे. प्रकाश, वीज, चुंबक सगळे ते पाळतात. गुरुत्वाकर्षण पाळतं की नाही, हे मात्र आजवर कुणालाही प्रयोगानं दाखवता आलेलं नाही. बहुतेक जाणकारांना वाटतं की पाळत असावं. पण वाटणं वेगळं आणि मोजणं वेगळं, म्हणून तर आमच्यासारख्यांना नोकरी मिळते.

दाखवायचं कसं, याची युक्ती सुचलेली आहे. दोन बारीक गोळ्या घ्यायच्या आणि दोन्ही ‘इथंही आणि तिथंही’ अशा अवस्थेत ठेवायच्या. मध्ये वीज नको, चुंबक नको, हवा नको; फक्त एकमेकींची ओढ. थोड्या वेळानं दोन्ही तपासायच्या. एकीचं उत्तर दुसरीच्या उत्तरात असं गुंतलेलं निघालं की ते योगायोगानं शक्यच नाही, तर तो गुंता ओढीनंच केला, आणि ओढही क्वांटमच. अडचण एवढीच, की ओढ कळण्याइतकी मोठी गोळी दोन ठिकाणी राहायला तयार नसते, आणि दोन ठिकाणी राहणाऱ्या गोळीची ओढ मोजता येत नाही. म्हणून जगभर लोक या बोगद्याला दोन्ही टोकांनी खणत आहेत. आमचं टोक ओढीचं होतं. आज वाटाण्याएवढ्या गोळ्याची ओढ मोजायची, ती जमली की ज्वारीच्या दाण्याएवढ्याची, मग मोहरीएवढ्याची.

तायडेभाऊंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे तुमच्या हयातीत होत नाही म्हणा हे.” मी हो म्हटलं. मग त्यांनी बोअरचं यंत्र आणायच्या आधी आम्हाला सांगायचं कबूल केलं, आणि ते शेवटपर्यंत पाळलं.

मी शास्त्रज्ञ नाही. मी बुलढाण्याजवळच्या देऊळघाटचा, बीएस्सी झालेला, आणि शहरातल्या एका संशोधन संस्थेच्या काचकाम विभागात लागलेला माणूस. माझं काम तार ओढण्याचं. तार म्हणजे काचेची. शुद्ध काचेची कांडी ज्योतीवर धरायची, ती मऊ पडली की एका श्वासात दोन्ही हात लांब करायचे. केसाहूनही बारीक तार निघते. काळ्या कापडावर धरल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही. त्या तारेला एक आडवी काडी टांगायची, काडीच्या टोकांना सोन्याचे मणी. शेजारी एका यांत्रिक दांडीवर गोळा बसवलेला असतो; त्या दांडीला आम्ही हात म्हणायचो. हात ठरलेल्या ठेक्यात गोळा मण्याजवळ आणतो, दूर नेतो. गोळ्याच्या ओढीनं काडी त्याच ठेक्यात अगदी किंचित वळते. तेवढं वळणं काडीवरच्या बारीकशा आरशावर पडलेल्या प्रकाशावरून पकडायचं, हा आमचा सगळा धंदा.

संस्थेत माझ्यासारखी तार दुसऱ्या कुणाची निघत नव्हती. हे मी म्हणत नाही, आमच्या प्रमुख पेंडसे मॅडम पाहुण्यांना सांगायच्या. सोनाळ्याची जागाही मीच सुचवली होती. रेल्वे लांब, हमरस्ता लांब, खाली सलग खडक. शहरात तार दर तासाला कुठल्यातरी ट्रकनं थरथरायची. इथं आल्यावर मी आलेखाची रेघ पाहून सांगायला लागलो, की हा तायडेभाऊंचा ट्रॅक्टर, ही दूधवाल्याची मोटरसायकल. सोयाबीनच्या दिवसांत हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, लागलं की आम्ही मोजणी बंद करून भाजी निवडायला बसायचो. मोजणी यंत्र आपलं आपण करायचं. आम्ही सकाळी येऊन आकडे पाहायचो. मॅडम महिन्यातून एकदा यायच्या. बाकी दिवस ती खोली माझी होती.

मग प्रज्ञा इंगळे आली.

ती लोणारची. वडील एसटीत वाहक, आई अंगणवाडीत. भौतिकशास्त्रात पीएचडी करून मॅडमकडे लागली आणि ‘मले गावाकडं पाठवा’ असं स्वतः म्हणून सोनाळ्याला आली. पहिल्या दिवशी मला वाकून नमस्कार केला. मला बरं वाटलं. आपल्या जिल्ह्यातली पोर, शिकवू हिला तार ओढायला, असं मी निर्मलाला, म्हणजे माझ्या बायकोला, घरी सांगितलंही.

तीन महिने तिनं तार शिकून घेतली. हात वाईट नव्हता, पण माझ्यासारखा नव्हता, आणि त्याचं मला समाधान होतं. चौथ्या महिन्यात एका सकाळी तिनं टेबलावर चार चुंबकं मांडली आणि त्यांच्यावर ग्रॅफाइटची एक पातळ चकती सोडली. चकती खाली पडली नाही. चुंबकांच्या वर हवेत, नखाच्या जाडीएवढ्या अंतरावर, नुसती तरंगत राहिली. तिला कुठलीच तार नव्हती.

“सर, मणी हिच्यावर ठेवला तर?” ती म्हणाली. “तार नाही, तर तुटाचाही सवाल नाही.”

मी म्हटलं, छान आहे. दुसरं काय म्हणणार? पण मनात जे आलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. सत्तावीस वर्षं मी ज्योतीपुढे उभं राहून जी कला कमावली, ती या मुलीनं चार चुंबकांनी बिनकामाची केली होती, आणि तीही मला दुखवायच्या जराही इराद्याशिवाय. इरादा असता तर मला रागावता तरी आलं असतं.

मॅडमनी चकतीला लगेच होकार दिला. पुढच्या भेटीत त्या पाहुण्यांना घेऊन आल्या, तेव्हा माझ्या तारेचा उल्लेख ‘आधीची पद्धत’ असा झाला.

हेव्याचं एक आहे. तो एकदा शिरला की त्याला खाद्य शोधायला लांब जावं लागत नाही. मला प्रज्ञाची बोलीसुद्धा सलायला लागली. मी शहरात गेलो तेव्हा ‘मले’ म्हटलं की मागच्या बाकावरून हसू यायचं, म्हणून मी ते जिभेवरून घासघासून काढलं होतं. मंगरूळ, मलकापूरची माणसं भेटली तरी मी ‘मला’च म्हणायचो. ही मुलगी संस्थेच्या भर सभेत ‘मले असं वाटते’ म्हणाली आणि सगळे मान खाली घालून तिचं म्हणणं वहीत उतरवत होते. ती बोलली म्हणून नव्हे, कुणी हसलं नाही म्हणून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दीड वर्ष ती त्या चकतीशी झगडली. चकतीवर वीज साठायची, मणी हलायचा, दुपारच्या उन्हात खडक तापला तरी आकडे सरकायचे. मी सगळी मदत केली. हे खोटं नाही. काचेची झाकणं केली, भांड्यातली हवा काढायचा पंप सांभाळला, सांगेल ते करून दिलं. मात्र दर सकाळी आकडे बिघडलेले दिसले की मी ‘अरेरे’ म्हणायचो आणि आत कुठंतरी मोकळं वाटायचं.

आणि एका सोमवारी पडद्यावर टोक आलं, म्हणजे आलेखाची रेघ एका जागी शिखरासारखी वर उठली. बरोबर त्याच ठेक्यात, ज्या ठेक्यात हात गोळा हलवत होता. स्वच्छ, उंच, शंका घ्यायला जागा नाही असं. गोळा होता ज्वारीच्या दाण्याएवढा. एवढ्या लहान वस्तूची ओढ आपल्याकडे कुणी मोजलेली नव्हती. प्रज्ञानं बाहेर जाऊन लगेच मॅडमना फोन लावला. तीन दिवसांनी संस्थेत आमच्या प्रकल्पाची तपासणी समिती बसणार होती. मॅडम म्हणाल्या, सगळं घेऊन ये, समितीपुढे तूच बोल.

ती फोनवर असताना मी नेहमीप्रमाणे पंपाचं तेल पाहायला टेबलाखाली वाकलो. तिथं मला केबल दिसली.

हाताच्या मोटरची ती केबल टेबलापासून दूर, भिंतीच्या कडेनं, चिमट्यांत अडकवलेली असायची. एक चिमटा निसटला होता आणि चकती आणि मणी ज्या बंद भांड्यात असायचे, त्याच्या पायाला केबल टेकली होती. बाहेरच्यांसाठी सांगतो, याचा अर्थ काय. मोटर हलली की केबल त्याच ठेक्यात थरथरणार, ती थरथर पायातून भांड्यात जाणार, भांड्यातून चुंबकांत, आणि मणी त्याच ठेक्यात हलणार. पडद्यावर ते हुबेहूब ओढीसारखं दिसणार. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी फसगत. मी ती शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी सांगत आलो होतो.

चिमटा बसवायला दोन बोटं लागली असती. बाहेर जाऊन ‘प्रज्ञा, थांब’ म्हणायला तीन पावलं.

मी उठलो, हात पुसले, आणि ती आत आली तेव्हा तिचं अभिनंदन केलं.

तीन दिवस होते माझ्याकडे. मी झोपेत नव्हतो, विसरलो नव्हतो, कामातही नव्हतो. दर सकाळी खोलीत जायचो, वाकून पाहायचो, केबल तशीच टेकलेली असायची, आणि मी तेल पाहून वर यायचो. मनाला एक सबबही सापडली होती: तपासणं तिचं काम, प्रयोग तिचा, मी आधीच्या पद्धतीचा माणूस.

गुरुवारी ती शहरात होती. सकाळी अकराच्या सुमारास मला फोन आला. मॅडम होत्या, आणि त्यांनी आवाज सगळ्या समितीला ऐकू जाईल असा ठेवला होता. समितीतल्या एका वयस्क प्राध्यापकांनी साधा प्रश्न विचारला होता: हातावरचा गोळा काढून, नुसता रिकामा हात हलवून पाहिला का? प्रज्ञानं दोन महिन्यांपूर्वी पाहिला होता आणि तेव्हा काही आलं नव्हतं. ते म्हणाले, आज पुन्हा पाहा, आम्ही थांबतो. रिकाम्या हातानं टोक नाहीसं झालं, तर ओढ खरी. राहिलं, तर खोटी.

मी खोलीत गेलो. गोळा काढला. हवा काढून मोजणी सुरू केली आणि बाहेर स्टुलावर बसलो. तेवढ्या वेळात मला चिमटा बसवता आला असता. पण मग टोक गेलं असतं आणि समितीला वाटलं असतं की ओढ खरी होती. ते खोटं मला जमलं नसतं. मी स्वतःला सांगितलं, मी प्रामाणिक आहे, जसं आहे तसं मोजतोय. खरं सांगायची वेळ सोमवारीच गेली होती, हे मी स्वतःला सांगितलं नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर मॅडमचा पुन्हा फोन आला. मी म्हटलं, “तसंच आहे, मॅडम. रिकाम्या हातालाही तेवढंच येतंय.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “ठीक आहे, उबाळे. ठेवा.”

संध्याकाळी मी घरी गेलो. निर्मला ताट वाढत होती. तिनं माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि म्हणाली, “आज लय खुशीत दिसून राह्यले. काय झालं?” मी काही नाही म्हटलं. मला स्वतःलाच कळलं नव्हतं की ते चेहऱ्यावर आलंय. मी ताटावरून उठलो आणि हात धुताना पहिल्यांदा मला स्वतःची किळस आली. ती तोवर आली नव्हती, हे इथं लिहून ठेवलं पाहिजे.

शुक्रवारी दुपारी प्रज्ञा एसटीनं परत आली. पिशवी दारात ठेवली आणि थेट टेबलाखाली गेली. तिला पाच-दहा मिनिटं लागली असतील. चिमटा बसल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. गुडघ्यावरची धूळ झटकत ती वर आली.

“सर, हा कवा निसटला असन?”

मी म्हटलं, “काय माहीत.”

तिनं मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. समितीनं आमच्या खोलीचा विस्तार पुढे ढकलला. जी दुसरी खोली आम्हाला मिळणार होती, ती काही मिळाली नाही. मॅडम प्रज्ञाला कधी बोलल्या नाहीत, पण त्यानंतर वर्षभर तिच्या प्रत्येक आकड्यावर त्या दुसऱ्या कुणाची सही मागायच्या. ती सही बहुधा माझी असायची. प्रज्ञा वही पुढे करायची, मी आकडे पाहायचो आणि सही करायचो. एकदाही तिच्या आकड्यात चूक सापडली नाही.

मी सांगणार होतो. पोळा झाल्यावर सांगू, मॅडम येऊन गेल्या की सांगू, असं करत राहिलो. पुढच्या हिवाळ्यात तिला टोक मिळालं, खरंखुरं. गोळा काढला की जायचं, ठेवला की यायचं. तिनं वीस-वीस वेळा पाहिलं. शोधनिबंध निघाला, त्यात माझंही नाव होतं, तिसरं. मी अभिनंदन केलं; या वेळी त्यात खोटं काही नव्हतं, फक्त हेवा होता तेवढाच. मग ती परदेशातल्या एका प्रयोगशाळेत गेली. तिथं दोन गोळ्यांच्या प्रयोगाची तयारी चालली आहे, बोगद्याच्या दुसऱ्या टोकाकडून. अजून कुणालाच काही मिळालेलं नाही. मी निवृत्त होऊन बुलढाण्यात राहायला आलो.

मागच्या वर्षी इथल्या एका महाविद्यालयानं तिचं व्याख्यान ठेवलं. जिल्ह्याची कन्या म्हणून सत्कारही होता. प्राचार्य माझ्याकडे आले आणि म्हणाले, तुम्ही त्यांच्याबरोबर काम केलंय, पाहुण्यांचा परिचय तुम्हीच करून द्या. मी परिचय कागदावर लिहून नेला. सभागृह भरलं होतं. लोणारहून तिचे आईवडील आले होते, पहिल्या रांगेत. तिला शाल दिली, श्रीफळ दिलं, टाळ्या झाल्या. माझं वय एकसष्ट होतं, आणि त्या शालीकडे पाहून मला पुन्हा तेच वाटलं, जे चकती तरंगली त्या सकाळी वाटलं होतं. जराही कमी नाही. मला वाटलं होतं वयानं हे जातं.

कागदावरचा परिचय मी वाचला. तो संपल्यावर खाली बसायचं होतं. मी बसलो नाही. मी म्हणालो, की यांच्या आयुष्यात एक मोजणी चुकली, समितीपुढे यांची मानहानी झाली, आणि ती मी टाळू शकलो असतो. केबल टेकलेली मला तीन दिवस आधी दिसली होती. मी सांगितलं नाही. कारण मला यांचा हेवा वाटत होता, आणि तो मला आत्ताही वाटतोय.

माझ्या बोलण्यावर टाळ्या वाजण्याचा प्रश्नच नव्हता. प्राचार्य छताकडे पाहत होते. मी खुर्चीत बसलो तेव्हा, खरं सांगायचं तर, मला थोडा अभिमानही वाटत होता. इतकं उघड बोलायला छाती लागते, असं काहीतरी.

प्रज्ञा माइकपाशी आली. चष्मा काढून पुसला.

“सर बोलले ते खरं आहे, पण अर्धं आहे,” ती म्हणाली. “त्यायले केबल दिसली. मले केबल नाही दिसली, पण आकडा दिसला होता. तो आकडा हिशोबाच्या दुप्पट होता. ज्वारीच्या दाण्यानं तेवढं ओढाचं काही कारण नव्हतं. दुप्पट आकडा आला का थांबाचं असते, गोळा काढून पाहाचं असते. मी नाही पाहिलं. काऊन का मले तो आकडा पाहिजे होता. समितीसमोर त्या सरांनी इचारलं, तवा मले उत्तर आधीच मालूम होतं. हे मी आजपर्यंत कोणाले सांगतलं नाही.”

मग ती मुलांकडे वळली आणि म्हणाली, की आज आपण याच्यावरच बोलू. दोन गोळ्यांचा प्रयोग जगात कुठं ना कुठं होईन, आणि ज्याले तो आकडा लय पाहिजे असन त्यालेच तो आधी दिसन, म्हणून भ्या.

टाळ्या सुरू झाल्या. आधी मागच्या मुलांनी, मग सगळ्यांनी. तिचे वडील उभे राहिले. मला कळेना मी कुठं पाहू. नोकरीत निव्वळ माझं म्हणावं असं एक पाप मी केलं होतं, आणि ते सांगायला मला इतकी वर्षं लागली होती. तेही तिनं माझ्या हातून अर्धं काढून नेलं, एका मिनिटात, आणि त्याच्याही टाळ्या तिलाच मिळाल्या.

मीही वाजवल्या. शेजारच्या प्राचार्यांनी थांबवल्या, तेव्हा मीही थांबवल्या.